पाठमोरे मिस्त्री

दुसरं कुणी वेल्डिंग करत असलं की मिस्त्री त्याच्याकडे पाठ फिरवून उभे राहत. हात मागे बांधलेले, मान जराशी खाली, आणि शेजारच्या घरातलं भांडण भिंतीला कान लावून ऐकावं तसा चेहरा. शेडमध्ये ठिणग्या उडत असायच्या, निळा उजेड पत्र्यांवर नाचत असायचा, आणि ज्या माणसाने उभा जन्म त्या उजेडात काढला तो रस्त्यावरचे टेम्पो बघत उभा. मध्येच, मागे न वळता म्हणायचे, "थांब. तेल गार हाय तुझं." वेल्डिंग करणारा थांबायचा, मशीनचं बटण जरासं फिरवायचा आणि पुन्हा सुरू करायचा. "हां. आता टाक."

तेल म्हणजे भज्यांचं तेल. चांगल्या वेल्डिंगचा आवाज तापल्या कढईत भजी सोडल्यासारखा यावा, असं त्यांचं म्हणणं. तेल गार असलं तर भजी तळाला बसतात, फार तापलं तर वरून करपतात आणि आत कच्ची राहतात, लोखंडाचंही तेच. यामुळे तळवड्याच्या रस्त्याला सगळे त्यांना भजी मिस्त्री म्हणत. एकदा एका नवख्या ट्रकवाल्याने येऊन खरंच दोन प्लेट भजी मागितली. मिस्त्रींनी त्याला बाकड्यावर बसवलं, समोरच्या हातगाडीवरून कांदाभजी मागवली, आणि तो खाऊन हात पुसेपर्यंत त्याच्या ट्रकच्या मागच्या, खाली उघडणाऱ्या फाळक्याची निखळलेली बिजागरी जोडून दिली. मग स्वतः त्या फाळक्यावर चढून दोनदा पाय आपटले. ही त्यांची रीत होती. जिना असो, शिडी असो, ट्रकचा फाळका असो, गिऱ्हाइकाच्या आधी जोडणाऱ्याने वर चढायचं. "आपुन चढायला भिलो, तर दुसऱ्याला कामून चढवायचं?" असं म्हणायचे.

त्यांच्याकडे मी गेले ती सल्ला घ्यायला, आणि सल्ला मिळाल्यावर तो धुडकावून लावायला. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. अशा माणसाला वाटतं की खोट काढता आली म्हणजे काम आलंच. ही समजूत किती महागात पडते ते पुढे येईलच.

गोष्ट आमच्या अण्णांची होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, कंपनीतून निवृत्त झाले तरी घरी बसले नाहीत. उंच टपाची एक जुनी व्हॅन घेतली आणि निगडीतली पोरं शाळेत पोचवायला लागले. मग एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. दवाखान्यात न्यायचं म्हणजे माझा नवरा आणि शेजारचे दोघं मिळून त्यांना उचलायचे आणि त्यांच्याच व्हॅनमध्ये ठेवायचे. तिसऱ्या खेपेला अण्णांनी डाव्या हाताने दाराचा दांडा पकडला तो सोडेचनात. "पोतं न्हाई मी," एवढंच म्हणाले, तेही अर्धवट फुटलेल्या शब्दांत. त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. डॉक्टर घरी यायला लागले.

अण्णांची थोरली बहीण राजगुरुनगरला. भाऊबीजेला अण्णा तिच्याकडे जायचे, एकही वर्ष चुकलेलं नव्हतं. आजारपणाच्या पहिल्या वर्षी आत्याच आमच्याकडे आली. दुसऱ्या वर्षी तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली, म्हणून तिने फोनवरच ओवाळलं. पडद्यावर ताट फिरत होतं आणि अण्णा मान वळवून भिंतीकडे बघत होते. ते मला बघवलं नाही. पुढच्या भाऊबीजेला अण्णा चाकांच्या खुर्चीत बसल्या बसल्या व्हॅनमध्ये चढतील आणि आपल्या चाकांवर आत्याच्या अंगणात उतरतील, असं मी त्या दिवशी ठरवलं. त्यासाठी व्हॅनच्या कुजलेल्या तळाला नवा पत्रा लागणार होता आणि मागच्या दाराला ट्रकसारखा खाली उघडणारा, चाकं चढतील असा लांब फाळका. दोन गॅरेजवाल्यांना विचारलं. दोघंही म्हणाले, "उचलूनच ठेवा ना ताई, पाच मिनिटांचं तर काम." माझं डोकंच फिरलं. मीही मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली बाई आहे. म्हटलं, वेल्डिंग मशीन घेते आणि घरीच करते. आरटीओच्या कागदपत्रांचं नवरा बघेल.

कुठलं मशीन घ्यावं म्हणून मी चौदा मशीनांचा तक्ता केला. अँपिअर, वजन, किंमत, वॉरंटी, सगळ्यांचे रकाने, रकान्यांना रंग. कंपनीतल्या एकाने मिस्त्रींचं नाव सुचवलं, तेव्हा तो तक्ता घेऊन एका गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागद नाकाशी नेला, लांब धरला, घडी घालून परत दिला. "चष्मा घरी ऱ्हायला, ताई. तोंडानं सांगा."

मी सांगायला लागले. दुसऱ्या मशीनवरच त्यांनी मला थांबवलं. "मशीन मागून. आधी पत्रा सांगा. किती जाडीचा?"

"एक मिलिमीटर. तळाला तेवढाही उरलेला नाही."

"घरात प्लग कसला?"

"साधा, घरगुती."

"काम कुठं करनार? वारा कुठून येतो तिथं?"

माझ्या तक्त्यात वाऱ्याचा रकाना नव्हता. पार्किंगमध्ये करणार, एवढंच सांगितलं.

"आन् घाई किती हाय?"

"भाऊबीजेपर्यंत."

"लई हाय," ते म्हणाले. "अशानं मशीन घेऊ नका आत्ताच. म्हैनाभर इथं या, भंगार जोडा, मग बघू."

मला राग आला. डिप्लोमा केलेल्या बाईला हे भंगार जोडायला सांगतात. नमस्कार करून निघाले आणि आमच्या गल्लीतल्या एका इलेक्ट्रिशियनचा सल्ला घेतला. तो म्हणाला, "मोठंच घ्या ताई. मोठ्या मशीनवर लहान काम होतं, लहानावर मोठं होत नाही." ऐकायला कसं शहाणपणाचं वाटतं. मी तक्त्यातलं सगळ्यात दांडगं, रॉडवर चालणारं मशीन उचलून आणलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा घरातले पंखे रडल्यासारखे फिरले आणि मेन स्विच पडला. तो पुन्हा चढवून, मशीनचा करंट थोडा उतरवून, मी व्हॅनच्या तळाला रॉड टेकवला. क्षणात पत्र्याला भोक पडलं. ते बुजवायला गेले तर पंजा आत जाईल एवढं झालं. खिडकीतून अण्णा बघत होते. त्यांनी नजर काढून घेतली ती मला फार लागली.

तो तुकडा कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून, पुढच्या गुरुवारी मी पुन्हा मिस्त्रींच्या दारात. त्यांनी भोकाच्या कडेवरून अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. नख हे त्यांचं दुसरं हत्यार; जोड बघायचा म्हणजे नखाने बघायचा.

"चहा गाळायला बरी हाय जाळी," ते म्हणाले. मग बसायला स्टूल पुढे केलं. "पोरी, ते मशीन वाईट न्हाई. खांब जोड, ट्रॉली जोड, जन्मभर साथ दील. पर तुझा पत्रा म्हंजे पापड हाय. म्हशीचं दावं घिऊन शेरडू बांधायला गेलीस तू."

त्या दिवसापासून मी त्यांची ताई राहिले नाही, पोरी झाले, आणि 'तुम्ही'ची 'तू' झाले. मी हातापाया पडल्यावर दुकानदाराने ते मशीन परत घेतलं.

मग गुरुवार सुरू झाले. मी भंगाराच्या पट्ट्या जोडायची आणि मिस्त्री पाठ करून उभे. मूळचे ते उदगीरकडचे, तरुणपणी कारखान्यात लागायला म्हणून आले आणि शेडमध्येच रमले. बोलायचे कमी, पण जे सांगायचे ते शंभरदा सांगायचे. गाडीला हात लावायचा तर आधी बॅटरीची तार काढायची. मशीनची दुसरी, अर्थिंगची तार जोडाच्या जवळ लावायची, लांब कुठेतरी नाही. ग्राइंडर बंद केला की गुळाचा खडा तोंडात टाकायचा. धूळ उतरते म्हणे. धूळ उतरते की नाही ते मला माहीत नाही, पण त्यांच्या डब्यातला गूळ चांगला असायचा.

चिडलेले मी त्यांना एकदाच पाहिलं. छोटासाच टाका होता, म्हणून मी डोळ्यांपुढे काळी काच न धरता डोळे मिटून मारला. आवाजावरून त्यांना कसं कळलं देव जाणे. गर्रकन वळले आणि माझ्या हातातलं सगळं काढून घेतलं. "आमी असंच करायचो," म्हणाले. "एक टाका, दोन टाके, कोन काच धरत बसतंय. मग डोळ्यावर बटाट्याच्या चकत्या ठिवून पडायचं. दुसऱ्या दिशी बरं वाटायचं, पुना तेच. लोखंड परत मिळतंय, पोरी." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. त्या दिवशी मला काही जोडू दिलं नाही, नुसता झाडू मारायला लावला.

महिना भरला तसे ते स्वतःच म्हणाले, "चल, आता मशीन बघू." पिंपरीच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. मिस्त्रींच्या खिशात माझ्याच व्हॅनच्या तळाच्या कापलेल्या पट्ट्या होत्या. "ज्येचं लगीन त्येलाच न्यायचं बघायला," असं त्यांचं म्हणणं. तारेवर चालणारी, कंपनीत आम्ही ज्याला सीओटू म्हणतो तसली तीन लहान मशीनं त्यांनी घरगुती प्लगवर लावायला सांगितली. मी जोडायची आणि ते दुकानाच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून. पहिलं मशीन फटफट करत होतं. त्यांनी नुसती मान हलवली. दुसरं जरा बरं वाटलं, पण ते म्हणाले, "मधीच दम लागतोय त्येला." तिसऱ्याने पट्टीवर बारीक, सलग, तडतड असा सूर धरला. मला स्वतःलाच कढई आठवली.

"हेच," मिस्त्री म्हणाले.

दुकानदाराला राहवलं नाही. "मिस्त्री, इकडे वळून आकडे तरी बघा. दुसऱ्याचा डिस्प्ले याच्यापेक्षा मोठा आहे."

"आकडा ऐकू येत न्हाई," ते म्हणाले. मग तार जिच्यातून बाहेर येते ती टॉर्चच्या तोंडाची टिप आणि बारीक तारेचं रीळ उद्या-परवाही याच दुकानात मिळेल ना, एवढं विचारून घेतलं. माझ्या चौदा मशीनांच्या तक्त्यात हेही कुठे नव्हतं.

वाऱ्याचं कोडं त्यांनी आमच्या पार्किंगमध्ये येऊन सोडवलं. वारा कुठल्या गालाला लागतो ते बघत ते उभे राहिले, मग फाटकाच्या बाजूला जुनी ताडपत्री बांधायला लावली. तारेच्या मशीनला गॅसचं पांघरूण लागतं. वाऱ्याने ते उडालं की जोड आंबोळीसारखा जाळीदार होतो. आंबोळीला जाळी शोभते, जोडाला नाही. ताडपत्रीच्या आडोशाला मी तळाचा पत्रा टाक्याटाक्याने बसवला. एक टाका इथे, दुसरा लांब तिथे, मध्ये पत्र्याला निवू द्यायचं. अण्णा आता खिडकीतून नजर काढून घेत नव्हते.

उरला फाळका, आणि त्याच्या बिजागऱ्या. अण्णा आणि खुर्ची, दोघांचा भार त्या दोन जोडांवर येणार होता. माझा धीर होईना. क्वालिटीतल्या माणसाला स्वतःचा जोड बघताना पहिल्यांदा काय दिसतं, तर तो तुटलेला दिसतो. खंडेनवमीची सुट्टी होती, म्हणून मी मिस्त्रींकडे गेले, एवढे दोन जोड तुम्ही करून द्या म्हणायला. शेड झाडून लख्ख केलेली, मशीनला झेंडूची माळ, ग्राइंडर आणि हातोड्या ओळीने मांडलेल्या. नाव महबूब, शुक्रवारची नमाज न चुकवणारा माणूस, पण खंडेनवमीला त्यांच्या शेडमध्ये ठिणगी पडत नसे. "आज हत्यार निजलंय," म्हणाले. "वर्साचा एक दीस त्येचा."

"मग आज नको. पुढच्या गुरुवारी तरी ते दोन जोड कराल?" मी विचारलं.

"न्हाई. अण्णा तुझे, जोड तुझा."

मी विनवण्या केल्या, मग भांडले. इतकं शिकवता आणि दोन टाके मारायला काय जातं तुमचं, असंही बोलून गेले. ते माळेतलं एक सुटलेलं फूल बोटांनी चाचपत राहिले. म्हातारा भाव खातोय, असं मनाशी म्हणत मी घरी आले. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढच्या गुरुवारी मिस्त्री आपणहून आले. मागच्या वेळी मी गाडीवरून आणलं होतं; या खेपेला एकटेच बसने निगडीच्या टर्मिनसला उतरून विचारत विचारत आले, त्यामुळे उशीर झाला होता. पार्किंगमध्ये ते फाटकाकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "घे काच."

मी पहिली बिजागरी जोडली. "काढ," ते म्हणाले. मी ग्राइंडरने जोड घासून काढला. पुन्हा जोडली. "काढ. हात पळायला लागलाय तुझा. घाईचा आवाज येतोय." तिसऱ्यांदाही काढ. चौथ्या वेळी मी भाऊबीज विसरले, अण्णा विसरले, आणि नुसता आवाज ऐकत हात पुढे नेला. संपलं तेव्हा मिस्त्री वळले, जोड जरा निवू दिला आणि त्यावरून नख फिरवलं. "झाली भजी," म्हणाले. दुसरी बिजागरी पहिल्याच फटक्यात जमली.

"चढ आता."

मी फाळक्यावर चढून त्यांच्यासारखेच पाय आपटले. काही हललं नाही. मग ते म्हणाले, "खुर्ची आन. अण्णांच्या आधी मी बसतो. वजन तेवढंच असंल." मी खुर्ची आणून त्यांच्यापासून चार पावलांवर, फाळक्याच्या कडेला ठेवली. भर दुपारचं ऊन. मिस्त्री निघाले आणि त्यांचा पाय फाळक्याची कड शोधायला लागला, अंधारात पायरी शोधावी तसा. खुर्चीचा हात धरायला त्यांनी हात पुढे केला तो वीतभर बाजूला, हवेत पडला. नाकाशी नेलेला माझा तक्ता, घरी राहिलेला चष्मा, पाठ करून उभं राहणं, सगळं मला एकदम कळलं. मी त्यांचा हात धरून खुर्चीवर ठेवला.

"किती दिवस झाले, मिस्त्री?"

"दोन वर्सं. डाक्टर म्हनला, मोतीबिंदू असता तर काढला असता, आतला पडदाच जळलाय. कडेकडेचं दिसतंय थोडं." मग हळूच म्हणाले, "कुनाला बोलू नको. आंधळ्याकडून जिना कोन करून घील? आन् तुझ्या अण्णाला मी अंदाजानं जोडलेल्यावर चढवू का?"

मला रडू आलं. ते मात्र खुर्चीत ऐसपैस बसले होते. "रडतीस काय? ढकल वर. तोल जातो का बघू दे."

भाऊबीजेला अण्णांनी पांढरा सदरा घातला, टोपी घातली. नवऱ्याने फाळका उघडला. मी खुर्ची ढकलली, चाकं पत्र्यावर चढताना थोडी घरघरली, आणि अण्णा आत गेले. कुणी त्यांना हात लावला नाही. चाकणच्या चौकात नेहमीसारखी गाड्यांची रांग होती. आम्ही वैतागलो, अण्णा मात्र खिडकीतून एकेक गाडी डोळे भरून बघत होते. राजगुरुनगरला आत्या अंगणात ताट घेऊन उभी होती. गुडघ्यांमुळे तिला अण्णांपर्यंत येता येईना, तर अण्णांनी डाव्या हाताने स्वतःच चाक फिरवलं, डाव्या पायाने जमीन रेटली आणि तिच्यापुढे जाऊन थांबले. तिने ओवाळलं. "आलो बघ आक्का," अण्णा म्हणाले. "कुनी उचलला न्हाई."

संध्याकाळी मी मिस्त्रींना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "आवाज आला का कुठनं?" मी म्हटलं, नाही. "मग बरंय," म्हणाले.

अण्णांनी आणखी तीन भाऊबीजा गाठल्या. तोवर मिस्त्रींचं कडेकडेचं दिसणंही संपलं आणि ते उदगीरकडे गावी परतले. शेड रिकामी करताना मी होते. दारं, चौकटी, भिंती सगळ्यांवरून ते हात फिरवत होते, जणू निरोप देणं हेही एक तपासायचं काम आहे. त्यांच्या शेडच्या जागी आता टायरचं दुकान आहे. तिथून जाताना मी अजूनही वेग कमी करते.

अण्णा गेल्यावर व्हॅन विका असं पुष्कळांनी सांगितलं. मी विकली नाही. त्या फाळक्याची बातमी मात्र पसरली होती. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक शिक्षिका आली. तिच्या आईलाही गाडीत उचलून ठेवावं लागतं. मी तिला आधी पत्रा विचारला, मग घाई किती आहे ते विचारलं. गुरुवारी ताडपत्री बांधली, बिजागरी पकडीत धरली आणि मिस्त्रींना फोन लावून तो जवळच्या स्टुलावर ठेवला. असं मी नेहमीच करते. ते तिकडे ओसरीवर बसलेले असतात, आणि माझी खात्री आहे, फोनकडे पाठ करून.

पहिला जोड संपला. "काढ," फोनमधून आवाज आला. मी काढला. दुसऱ्या वेळी तडतड सलग शेवटापर्यंत गेली. मी काच खाली केली आणि थांबले.

"झाली भजी," ते म्हणाले. "आता चढनार कोन पैलं?"

"मीच की."

"मग फोनवर काय बोलत बसलीस? चढ."